आठ वर्षांनी आलेलं पत्र

वाचक भगिनींनो, दुपारची झाकपाक झाली, पोरं शाळेत गेली, की तासाभराची का होईना, आपली अशी एक वेळ मिळते. त्या वेळात कुणी निवडणटिपण उरकते, कुणी लोकरीच्या सुया हातात घेते, आणि आपल्यातल्या पुष्कळजणी पाय लांब करून वाचनालयातून आणलेली कादंबरी उघडतात. तेवढ्यात कुणी डोकावून ‘काय, प्रेमकथा वाटतं?’ असं हसून विचारलं, की आपण उगीचच ओशाळतो आणि पुस्तक उशीखाली सारतो.

आज ज्या प्रेमकथेबद्दल मी सांगणार आहे, ती मात्र उशीखाली सारण्याची मुळीच गरज नाही. दोनशे वर्षं उलटून गेली तिला. इंग्रज लेखिका जेन ऑस्टिन हिची ही शेवटची पुरी झालेली कादंबरी. नाव ‘पर्सुएशन’, म्हणजे मन वळवणं. ‘तुझ्या भल्यासाठीच सांगतेय ग’ असं म्हणत एखादीचं मन वळवतात ना, तेच.

ही कादंबरी मी पहिल्यांदा वाचली ती कॉलेजात असताना, परीक्षेसाठी, घाईघाईनं. दुसऱ्यांदा वाचली ती पन्नाशी गाठल्यावर. पुस्तक तेच होतं, पण दुसऱ्या वेळी त्यानं मला रात्रभर झोपू दिलं नाही. का, ते शेवटी सांगते. आधी गोष्ट ऐका.

सत्ताविसाव्या वर्षी सुरू होणारी गोष्ट

एरवी प्रेमकथा म्हटली, की नायिका अठरा-एकोणीस वर्षांची, गालांवर गुलाब फुललेली, आणि शेवटच्या पानावर लग्न. इथं मात्र प्रेम जमून, मोडून, आठ वर्षं होऊन गेल्यावर पहिलं पान उघडतं. नायिका ॲन एलियट सत्तावीस वर्षांची आहे. गालांवरचे गुलाब केव्हाच कोमेजलेत. त्या काळच्या इंग्लंडात सत्तावीस म्हणजे लग्नाचं वय जवळजवळ उलटून गेलेलंच.

सॉमरसेट परगण्यातल्या केलिंच हॉल नावाच्या मोठ्या वाड्यातली ही मधली मुलगी. आई ती चौदा वर्षांची असतानाच गेली. वडील सर वॉल्टर म्हणजे एक नमुनाच! स्वतःच्या रूपाचा आणि सरदारकीचा इतका अभिमान, की घरात वाचायचं पुस्तक एकच, ज्यात आपल्या घराण्याची नोंद आहे ते. थोरली बहीण एलिझाबेथ बापासारखीच गर्विष्ठ. धाकटी मेरी लग्न होऊन जवळच्या गावी दिलेली, सदा आजारी असल्याचा बहाणा करणारी. या घरात ॲनच्या शब्दाला काडीची किंमत नाही. ती ‘आपली ॲन’, एवढंच.

एकोणीस वर्षांची असताना ॲनला फ्रेडरिक वेंटवर्थ भेटला होता. आरमारातला तरुण अधिकारी. हुशार, धडाडीचा, पण गाठीला पैसा नाही आणि पाठीशी कुणी मातब्बर नातेवाईक नाही. दोघांची मनं जुळली, लग्न ठरलंही. वडिलांनी नाक मुरडलं, ते तिनं सोसलं असतं. पण लेडी रसेल आड आल्या. ॲनच्या आईची ही जिवलग मैत्रीण. आईच्या मागं तिनंच ॲनला माया दिली होती. तिनं समजावलं, की मुलगा बेभरवशाच्या धंद्यातला, उद्या काय होईल कुणी सांगावं, तू एवढ्या लहान वयात स्वतःला अडकवून घेऊ नकोस. आणि तुझं ओझं त्याच्याही गळ्यात पडेल. या शेवटच्या वाक्यानं ॲन वाकली. आपण त्याच्याच भल्यासाठी बाजूला होतोय असं तिला वाटलं. तिनं लग्न मोडलं. तो अपमान गिळून, संतापून निघून गेला. हे सारं घडलं 1806 साली.

मग आठ वर्षं गेली. 1814 साली नेपोलियनशी चाललेलं युद्ध थांबलं आणि समुद्रावरचे अधिकारी घरी परतले. त्यात वेंटवर्थही होता. आता तो कॅप्टन झाला होता, आणि शत्रूची जहाजं पकडल्याबद्दल मिळणाऱ्या बक्षिसांतून त्यानं पंचवीस हजार पौंड साठवले होते. इकडे सर वॉल्टर मात्र कर्जात बुडाले होते. वाडा भाड्यानं द्यायची पाळी आली, आणि तो घेतला कुणी? ॲडमिरल क्रॉफ्ट यांनी. त्यांची बायको म्हणजे वेंटवर्थची सख्खी बहीण!

आता भेट टळणार कशी? मेरीच्या सासरी दोघं समोरासमोर आली. पाहुणा गेल्यावर मेरी सहज सांगून गेली, की तू इतकी बदललीस, की ओळखलीच नसती असं म्हणाला हो तो. मेरीला जुनं काहीच ठाऊक नव्हतं. पण भगिनींनो, आपल्या माणसाच्या तोंडचं असं वाक्य तिसऱ्याकडून ऐकायला मिळणं, याचा घाव काय असतो, हे ज्यांनी सोसलंय त्यांनाच कळेल.

जखम भरते कशी?

या कादंबरीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट ही, की ॲनची जखम एका मिठीनं किंवा एका चुंबनानं बरी होत नाही. ती थोडी थोडी भरत जाते. अगदी आपल्या घरात पोळलेला हात भरून येतो तशी. आणि तिच्यावर लेप लागतात तेही रोजच्याच गोष्टींचे.

पहिला लेप कामाचा. मेरीचा मुलगा पडतो, त्याच्या गळ्याचं हाड निखळतं. आई-बाप मेजवानीला जायला उत्सुक. मेरी म्हणते, मला बाई आजाऱ्याजवळ बसवत नाही. ॲन म्हणते, जा, मी बसते. कुणाच्या तरी उपयोगी पडताना तिला स्वतःचं दुःख कुरवाळायला सवड राहत नाही. अर्थात तिच्या या चांगुलपणाचा सगळे फायदाही घेतात, आणि लेखिका तेही लपवत नाही. इतरांनी नाचावं आणि ॲननं पियानो वाजवावा, हे जणू ठरूनच गेलेलं. आपल्यातल्या कितीजणींना हा पियानो ओळखीचा वाटेल!

दुसरा लेप मैत्रीचा. बाथ शहरात ॲनला शाळेतली जुनी मैत्रीण भेटते, मिसेस स्मिथ. नवरा वारलेला, पैसा बुडालेला, सांधेदुखीनं पाय गेलेले, दोन लहानशा खोल्यांत राहते. पण तिनं विणकाम शिकून घेतलंय. छोट्या छोट्या वस्तू करून विकते आणि त्यातून स्वतःहून गरीब असलेल्यांना चार पैसे देते. तिचा आनंदी स्वभाव पाहून ॲन चकित होते. सर वॉल्टर मात्र असल्या गल्लीत राहणाऱ्या बाईकडे मुलगी जाते म्हणून नाक मुरडतात. ॲन तरीही जाते. आठ वर्षांपूर्वी वाकलेली मुलगी आता वाकत नाही, हे आपल्याला इथं पहिल्यांदा दिसतं.

तिसरा लेप मोकळ्या हवेचा. लाइम नावाच्या समुद्रकाठच्या गावी सगळी मंडळी सहलीला जातात. वाऱ्यानं ॲनच्या गालांवर पुन्हा रंग चढतो. एक अनोळखी गृहस्थ तिच्याकडे वळून पाहतो, आणि तो पाहतोय हे वेंटवर्थच्याही ध्यानात येतं. मनाचं दुखणं असलं, तरी शरीराला हवा-ऊन लागतंच.

लाइमलाच कॅप्टन बेनविक भेटतो. त्याची वाग्दत्त वधू वारलेली, आणि हा रात्रंदिवस दुःखी कविता वाचत बसलेला. ॲन त्याला गोड शब्दांत सुचवते, की कविता जरा कमी करा आणि गद्य वाचा. ज्यांनी संकटं सोसून धीर धरला अशांची चरित्रं वाचा. आणि मग मनाशीच हसते, की जे मला स्वतःला जमलं नाही, तो उपदेश मी दुसऱ्याला करतेय!

खंबीर कोण, हट्टी कोण?

इकडे वेंटवर्थचा राग गेलेला नाही. ॲन दुबळी ठरली, तेव्हा आता बायको करायची ती खंबीर मनाची, असं त्यानं ठरवलंय. मेरीची नणंद लुइझा त्याला तशी वाटते. एकदा ठरवलं की कुणाचं ऐकायचं नाही, असा तिचा बाणा. लाइमच्या कॉब नावाच्या दगडी धक्क्यावरून उतरताना ती हट्टानं पायऱ्यांवरून उडी मारते आणि तो तिला झेलतो. तिला गंमत वाटते. पुन्हा वर चढते. तो नको म्हणतो, ती ऐकत नाही. यावेळी उडी क्षणभर लवकर पडते, आणि लुइझा खाली दगडावर निपचित.

मेरी किंचाळते, लुइझाची बहीण बेशुद्ध पडते. लढाया मारलेला वेंटवर्थ भिंतीला टेकून मदतीसाठी हाक मारतो. त्या सगळ्यांत शुद्धीवर असते ती एकटी ॲन. डॉक्टरला बोलवा, आणि बेनविकना पाठवा, गावात डॉक्टर कुठं राहतो ते त्यांनाच ठाऊक आहे. केवढी साधी गोष्ट! पण ती सुचली ॲनलाच.

त्या दिवशी वेंटवर्थला कळलं, की हट्ट निराळा आणि खंबीरपणा निराळा. दुसऱ्याचं कधीच न ऐकणं हा काही मोठा गुण नव्हे, तसंच सगळ्यांचं ऐकणं हाही दोष नव्हे. पण कळेपर्यंत उशीर झालेला होता. लुइझाचं आणि त्याचं जमलं अशी सगळ्यांची समजूत होऊन बसली होती. सुदैवानं दुखण्यातून उठताना लुइझाच बेनविकच्या प्रेमात पडली, आणि हा मोकळा होऊन बाथला आला.

एक जोडपं सांगायचं राहिलंच, ॲडमिरल क्रॉफ्ट आणि त्यांची बायको. लग्नाला पंधरा वर्षं झालेली. ही बाई नवऱ्याबरोबर जहाजावर राहिलेली, चारदा अटलांटिक ओलांडलेली, एकदा थेट पूर्वेकडे, हिंदुस्थानच्या बाजूला येऊन गेलेली. ती म्हणते, मी खरी आजारी पडले ती एकाच हिवाळ्यात, जेव्हा मी किनाऱ्यावर आणि हे समुद्रावर होते तेव्हा. घोडागाडी ॲडमिरल हाकतात, पण गाडी खांबावर आदळणार असं दिसलं, की बाई शांतपणे लगाम जरासा ओढते आणि गाडी सुखरूप पुढं जाते. ना वाद, ना टोमणा. ॲन त्याच गाडीत बसून हे पाहते आणि मनात हसते. संसार कसा चालवावा यावर मी पुष्कळ लेख वाचले, पण या एका प्रसंगाइतकं नेमकं कुणी सांगितलेलं आठवत नाही.

ते पत्र

बाथमधल्या एका खोलीत वेंटवर्थ टेबलाशी पत्र लिहीत बसलाय. थोड्या अंतरावर खिडकीशी ॲन त्याचा मित्र कॅप्टन हारव्हिल याच्याशी बोलतेय. बेनविकनं आपल्या बहिणीला इतक्या लवकर विसरावं याचं हारव्हिलला दुःख आहे. विषय निघतो, की प्रेम जास्त काळ कोण जपतं, बाई की पुरुष? हारव्हिल म्हणतो, सगळी पुस्तकं बायकांच्या चंचलपणाच्या कथा सांगतात. ॲन म्हणते, पुस्तकांचा दाखला देऊ नका, ती पुरुषांनी लिहिलेली आहेत. आणि मग हळूच सांगते, की आशा संपल्यावरही प्रेम करत राहणं, हे बाईला जमतं.

तिकडे टेबलाशी लेखणी खाली पडल्याचा आवाज होतो. वेंटवर्थ ऐकत होता! समोरचं काम बाजूला सारून त्यानं दुसराच कागद घेतला आणि तिचं बोलणं ऐकता ऐकताच तिला पत्र लिहिलं. जाताना हातमोजे विसरल्याचं निमित्त करून परत आला, ते पत्र तिच्यापुढं ठेवलं आणि गेला. त्यात काय लिहिलं होतं ते मी सांगत नाही. ते तुम्ही तुमच्या दुपारी वाचा, एकटीनं.

या शेवटाचीही एक गोष्ट आहे. जेन ऑस्टिननं 1816 सालच्या जुलै महिन्यात कादंबरी संपवली, तेव्हा शेवट निराळा होता. क्रॉफ्ट यांच्या घरी दोघांची गाठ पडते आणि गैरसमज मिटतो, एवढंच. तिला तो पसंत पडला नाही. प्रकृती बिघडू लागली होती. तरीही तिनं पुन्हा लेखणी उचलली आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत खिडकीतलं संभाषण आणि ते पत्र लिहून काढलं. टाकून दिलेल्या प्रकरणांचे कागद आजही ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेले आहेत. 18 जुलै 1817 रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी ती गेली. कादंबरी छापून आली ती त्याच वर्षी डिसेंबरात. जिवंतपणी तिच्या एकाही पुस्तकावर तिचं नाव नव्हतं. ते जगाला सांगितलं तिच्या भावानं, याच पुस्तकाबरोबर. तिचं स्वतःचं लग्न झालं नाही. 1802 सालच्या डिसेंबरात आलेली एक मागणी तिनं संध्याकाळी स्वीकारली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत केली. तेव्हा तिला सत्ताविसावं वर्ष पुरं व्हायला दोन आठवडे उरले होते. ॲनचं वयही नेमकं तेवढंच आहे, यातून काय समजायचं ते ज्यानं त्यानं समजावं.

दोष कुणाचा?

शेवटी दोघं जुन्या दिवसांबद्दल बोलतात. वेंटवर्थ विचारतो, की 1808 साली मला थोडा पैसा मिळाला, जहाज मिळालं, तेव्हा मी पत्र लिहिलं असतं तर तू हो म्हणाली असतीस का? ती म्हणते, म्हणजे काय! आणि तो गप्प होतो. आठांतली सहा वर्षं लेडी रसेलनं हिरावली नव्हती. ती त्याच्या स्वतःच्या अभिमानानं खाल्ली होती. इतकी वर्षं तो दुसऱ्यांवर रागावला होता.

आणि ॲन? ती म्हणते, सल्ला चुकीचाच होता, असा सल्ला मी कुणाला कधी देणार नाही. पण ज्यांनी आईची माया दिली त्यांचं ऐकलं याचा मला पस्तावा नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, हे मला वीस वर्षांची असताना मुळीच कळलं नव्हतं.

आता माझी गोष्ट. कॉलेजात वाचलं, तेव्हा मी ॲन होते. पन्नाशीत वाचायला बसले तेव्हाही ॲनच्याच जागी बसले. आणि एक वाक्य आलं, की लग्न मोडल्यानंतर ॲन आणि लेडी रसेल त्या विषयावर पुन्हा कधीच बोलल्या नाहीत. पुस्तक माझ्या हातातच राहिलं. कारण त्या गोष्टीत मी ॲन नव्हतेच. मी लेडी रसेल होते.

सासूबाई गेल्या तेव्हा माझी धाकटी नणंद शाळेत होती. तिचं सगळं मीच केलं. बावीस वर्षांची असताना तिनं मला विश्वासानं एका मुलाबद्दल सांगितलं. मुलगा चांगला होता, पण नोकरी कायमची नव्हती आणि डोक्यावर दोन बहिणींची लग्नं होती. दोन रात्री मी तिच्याजवळ बसून तिला समजावलं. ‘तुझ्या भल्यासाठीच सांगतेय’ हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेन, देव जाणे. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘बरं, वहिनी.’ पुढं चांगलं स्थळ पाहून तिचं लग्न केलं. आपण एक जबाबदारी नीट पार पाडली, असंच मी पंचवीस वर्षं समजत होते.

त्या वर्षी भाऊबीजेला ती आली. दुपारी दोघी मेथी निवडत बसलो होतो. मी तिच्याकडे न बघताच म्हटलं, ‘तेव्हा मी तुझं मन वळवलं. चुकलं का ग माझं?’

तिचे हात थांबले. मग म्हणाली, ‘वहिनी, माझं काही वाईट झालेलं नाही. ह्यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे, मला कधी काही कमी पडू दिलं नाही. पण त्यानंतर घरात सगळे असे वागलात, की जणू काही घडलंच नव्हतं. मला पुढं वर्षभर जेवण जात नव्हतं. बरी आहेस ना, एवढं कुणीतरी एकदा विचारायला हवं होतं.’

मला काहीच बोलता येईना. थोड्या वेळानं तीच म्हणाली, ‘आज विचारलंत ना. झालं.’ आणि निवडलेली मेथी तिनं माझ्या परातीत टाकली.

क्षमा केली असं ती म्हणाली नाही, आणि मी मागितलीही नाही. पण संध्याकाळी जाताना तिनं मला जवळ घेतलं. एरवी ती नुसता नमस्कार करून निघते.

कादंबरीच्या शेवटी लेडी रसेललाही कबूल करावं लागतं, की आपली माणसं ओळखण्यात चूक झाली. ती कबूल करते, कारण स्वतःच्या शहाणपणापेक्षा ॲनचं सुख तिला जास्त प्रिय आहे. या वयात चूक कबूल करणं सोपं नसतं हो. म्हणून मला ही बाई आता वाईट वाटत नाही.

तेव्हा भगिनींनो, वाचनालयात ही कादंबरी दिसली तर जरूर आणा. वाचताना तुम्हाला ॲन भेटेल. आपल्या प्रत्येकीच्या मनात ती थोडीफार असतेच. पण मधेच थांबून स्वतःला विचारून पाहा, की मी कुणाच्या गोष्टीतली लेडी रसेल आहे का? धाकटी बहीण, नणंद, भाची, आपली स्वतःची मुलगी? तसं कुणी आठवलं, तर जुने हिशोब उकरत बसू नका. भाजी निवडायच्या निमित्तानं तिच्याजवळ बसा आणि एवढंच विचारा, ‘तेव्हा तुला फार त्रास झाला का ग?’

उत्तर काहीही आलं, तरी मधे न बोलता ऐकून घ्या.